कुऱ्हाड, विळा, कात्री, करवत: फांदी कापणाऱ्या हत्यारांचा इतिहास आणि निवड



पीएचडीसाठी विषय शोधणाऱ्या अनेकांची एकच तक्रार असते, "मोठा विषय सुचत नाही." माझं म्हणणं असं की मोठा विषय शोधू नका, जवळची वस्तू शोधा. आज आपण अशाच चार वस्तू घेऊ. यवतमाळ जिल्ह्यात शेती असलेल्या घरात कुऱ्हाड असते, विळा असतो. संत्र्याची किंवा लिंबाची बाग असेल तर छाटणीची कात्री असते. वाकड्या पात्याची छोटी करवत मात्र थोड्याच घरांत दिसते. कृषी केंद्रात गेलं की प्रश्न पडतो, यातलं घ्यावं काय? दुकानदार कंपनी सांगतो, किंमत सांगतो. त्या हत्याराने कापल्यावर झाडाचं काय होतं, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

या लेखाचा मुद्दा सुरुवातीलाच सांगतो. प्रत्येक हत्यार कुठल्या ना कुठल्या गरजेतून घडलं, आणि ती गरज त्याच्या आकारात अजून शिल्लक आहे. कुऱ्हाड ज्याला लाकूड हवं होतं त्याच्यासाठी घडली. विळा ज्याला चारा हवा होता त्याच्यासाठी. छाटणीची कात्री मात्र ज्याला झाडच हवं होतं त्याच्यासाठी घडली. हत्यार निवडणं म्हणजे आपल्याला झाडाकडून काय हवंय ते आधी ठरवणं. हे नीट कळायला थोडं मागे, जवळजवळ तीन हजार वर्षं मागे जावं लागेल.

विदर्भातलं जुनं लोखंड

आपण लोखंडाच्या फार जुन्या प्रदेशात राहतो, हे आपल्याला शाळेत कोणी ठळकपणे सांगत नाही. नागपूरजवळ जुनापाणी इथे दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक याने १८६७ मध्ये तिथे खोदकाम केलं. ही वर्तुळं म्हणजे लोहयुगातल्या माणसांची दफनं. पुढे शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि १९७० ते १९७२ या काळात माहुरझरी इथे पद्धतशीर उत्खनन केलं. या दफनांत माणसाबरोबर ठेवलेल्या वस्तूंमध्ये लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर असा मोठा ऐवज मिळाला. १९७८ ते १९८० दरम्यान नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड इथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. म्हणजे लोखंड बाहेरून विकत आणलेलं नव्हतं, इथेच गाळलं जात होतं.

आणि आपला जिल्हा? बाभुळगाव तालुक्यातल्या पाचखेडला २०२३-२४ च्या हंगामात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलं. तिथल्या पांढरीच्या टेकाडाखाली सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची लोहयुगातली वस्ती मिळाली. दफनं आपल्याला विदर्भात बरीच ठाऊक होती. माणसं राहायची ती जागा मिळणं त्यामानाने दुर्मीळ.

विदर्भातल्या या जुन्या कुऱ्हाडींपैकी काहींचा एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. आजच्या कुऱ्हाडीला दांडा घालायला आरपार भोक असतं. त्या कुऱ्हाडी सपाट होत्या, भोक नव्हतं. दांड्याला त्या घट्ट बसाव्यात म्हणून एकमेकांना छेदून जाणारे लोखंडी पट्टे वापरले होते. तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी असाल तर प्रश्न लगेच पडेल: इतका खटाटोप कशासाठी? कारण कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावाला लाकडावर जोर बसतो, तसा उलटा धक्का दांड्याच्या सांध्यावरही बसतो. कुऱ्हाडीचा सगळा इतिहास एका अर्थाने हा सांधा टिकवण्याचा इतिहास आहे. आपल्याकडे "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" म्हणतात, पण दांडा निसटला तर तो आधी कापणाऱ्याचाच काळ होतो.

इथे संशोधनाची एक सवय लावून घ्या. कुऱ्हाड सापडली याचा अर्थ ते लोक झाडांची छाटणी करत होते, असा होत नाही. कुऱ्हाडीने जंगल साफ करता येतं, घराचे खांब तासता येतात, माणूसही मारता येतो. वस्तू सापडली की ती काय करू शकत होती एवढंच कळतं. तिने प्रत्यक्षात काय केलं, हे पात्यावरच्या झिजेवरून, सोबत मिळालेल्या कोळशावरून आणि बियांवरून वेगळं सिद्ध करावं लागतं. थिसिसमध्ये या दोन गोष्टींची गल्लत झाली की परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो.

लोहाराने दिलेलं पाणी

त्यानंतरचा मोठा काळ गावच्या लोहाराचा. बलुतेदारीत लोहार शेतकऱ्याचे विळे पाजवायचा, कुऱ्हाड शेवटायचा, नांगराचा फाळ नीट करायचा आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुतं घ्यायचा. १९१५ साली आलेलं त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' या व्यवस्थेवरचं मूळ पुस्तक आहे. ते मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातल्या अनुभवावर लिहिलेलं आहे, हे ध्यानात ठेवून वाचा. आपल्या भागासाठी रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे १९१६ चे चार खंड आहेत.

लोहाराच्या कामातली खरी विद्या धारेला पाणी देण्यात असते. तापून लाल झालेलं पातं पाण्यात बुडवलं की पोलाद झटक्यात थंड होतं. आतल्या कार्बनला सावकाश वेगळं व्हायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाच्या स्फटिकात अडकून राहतो आणि मार्टेन्साईट नावाची अतिशय कठीण रचना तयार होते. फक्त एवढंच केलं तर पातं काचेसारखं ठिसूळ होईल. म्हणून लोहार ते पुन्हा थोडं तापवतो आणि पात्यावर चढणाऱ्या रंगाकडे बघून थांबतो. धातुशास्त्रात याला टेंपरिंग म्हणतात. लोहार त्याला काही म्हणत नाही, तो रंग बघतो.

आज गावातला लोहार कोयता किंवा कुऱ्हाड करायला बहुतेक वेळा ट्रकचा जुना कमानपाटा घेतो. यात हिशेब पक्का आहे. कमानपाट्याच्या पोलादात पाणी धरण्यापुरता कार्बन असतो आणि धक्का सोसायची ताकदही असते. बाजारातल्या चकचकीत पण मऊ पत्र्याच्या कोयत्यापेक्षा असा कोयता कधीही चांगला. मात्र विजेच्या ग्राइंडरवर धार लावताना काठ निळा पडू लागला तर समजा की लोहाराने दिलेलं पाणी उतरलं. आता ती धार टिकणार नाही. धार लावताना पातं मधूनमधून पाण्यात बुडवायचं असतं ते यासाठीच.

घाव आणि ओढ

आता एक उडी मारून दुसऱ्या टोकाला जाऊ, कारण छाटणीच्या हत्यारावर नीट लिहून ठेवणारा जुना लेखक आपल्याला तिकडे भेटतो. पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या रोमन शेतकरी-लेखकाने शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या चौथ्या भागात द्राक्षवेल छाटण्याच्या विळ्याचं वर्णन आहे. त्या एका हत्याराचे तो सहा भाग सांगतो आणि प्रत्येकाला नाव देतो: मुठीजवळची सरळ धार, मग वाक, वाकाच्या पुढची तासणारी धार, आकडा, अणकुचीदार टोक आणि पाठीवर चक्क छोटी कुऱ्हाड. प्रत्येक भागाचं काम वेगळं. सराव नसलेला माणूस सगळ्या कामांना एकच भाग वापरतो आणि वेल बिघडवतो, असा त्याचा रोख.

त्याचा दुसरा मुद्दा आपल्या कामाचा आहे. घाव घालून तोडू नका, धार ओढून कापा, असं तो सांगतो. घाव चुकला की पुन्हा पुन्हा घालावा लागतो आणि लाकूड चिरफाळतं. ओढून कापलेली जखम एकसंध राहते.

यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे. कुऱ्हाड ही जाड पाचर आहे. ती तंतू जितके कापते तितकेच बाजूला ढकलते. सरपण फोडताना हेच हवं असतं. जिवंत फांदीवर मात्र पाचर घुसली की साल सुटते आणि दुसरा घाव पहिल्याच्या बरोबर जागी बसत नाही. विळ्याची वाकडी धार फांदीवर सरकत जाते, त्यामुळे एका क्षणी थोडेच तंतू कापावे लागतात. बांबूच्या टोकाला आकडी बांधून शेळ्यांसाठी बाभळीचा किंवा सुबाभळीचा पाला पाडताना तुम्ही हे पाहिलं असेल. झटका देऊन खाली ओढलं की डहाळी तुटते, पण शेवटी सालीची एक लांब पट्टी खोडावरून सोलत येते. चारा हवा असलेल्याला त्याचं काही नाही. बाग राखणाऱ्याला मात्र ती सोललेली पट्टी महागात पडते.

तरी कुऱ्हाडीला सरसकट नावं ठेवू नका. सागाचं झाड तोडल्यावर त्याच्या खुंटाला फुटवे येतात आणि त्यातून नवं झाड उभं राहतं. त्यासाठी वनविद्येत जुना नियम आहे: कुऱ्हाड धारदार हवी, खुंट जमिनीलगत हवा, काप गुळगुळीत आणि उतरता हवा म्हणजे पाणी साचत नाही, आणि खुंटावरची साल सुटता कामा नये. तेच हत्यार काळजीने चाललं की झाड पुन्हा उगवतं.

पुसद, १० जुलै १९३०

हत्याराच्या इतिहासात धातू आणि धार एवढंच येत नाही. ते कोणाच्या हातात आहे, हेही येतं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे.

१९३० च्या मार्च-एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. वऱ्हाडात समुद्र नाही. इथे कायदा मोडायचा तर कोणता? वणीत जन्मलेले आणि यवतमाळात वकिली करणारे लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी उत्तर शोधलं ते राखीव जंगलात. गावाला लागून असलेलं जंगल राखीव झाल्यावर तिथलं गवत कापायला परवाना लागू लागला होता. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात अण्यांनी विनापरवाना गवत कापलं आणि अटक करून घेतली. त्यांना तुरुंगवास झाला आणि जंगल सत्याग्रह वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात पसरत गेला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने बघा. विळा तोच, गवत तेच. परवाना असला की ती मजुरी आणि नसला की गुन्हा. गवत कापताना मुळाला इजा होत नाही, ते पुन्हा वाढतं, हे शेतकऱ्याला ठाऊक होतं. तरी कापण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न त्याच्या ज्ञानावर सुटणारा नव्हता.

हा प्रश्न आजही संपलेला नाही. महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोड नियमन कायदा आहे. साग, आंबा, मोह, चिंच, जांभूळ अशी अनुसूचीतली झाडं स्वतःच्या शेतात असली तरी तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते. शहरी भागासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. संत्र्याची सल काढायला कोणी विचारणार नाही, पण धुऱ्यावरच्या सागाला हात लावण्याआधी वन विभागात चौकशी केलेली बरी.

मंत्र्याची कात्री

आता कात्रीकडे येऊ. छाटणीच्या कात्रीला अनेक ठिकाणी सेकेटर म्हणतात, आपल्याकडे बागायतदारांच्या बोलण्यात तिचं 'शिकेटर' झालं. हा फ्रेंच शब्द आहे आणि तिचा शोध लावल्याचं श्रेय जातं बर्त्रां द मोलव्हील या फ्रेंच सरदाराला. हा सोळाव्या लुईचा नौदल मंत्री. राज्यक्रांतीत जीव वाचवून इंग्लंडला पळाला, परत आला आणि १८१५ च्या सुमारास त्याने ही कात्री तयार केली. तोपर्यंत युरोपातले द्राक्षबागायतदार वाकड्या पात्याच्या चाकूने छाटणी करत. पुढे १९४५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फेल्को ही कंपनी सुरू झाली. कात्रीचा प्रत्येक भाग सुटा काढून बदलता यावा, ही तिची खासियत. आज आपल्या बाजारात मिळणाऱ्या अनेक कात्र्यांचा घाट या घराण्यातलाच वाटेल.

कात्रीने नेमकं काय बदललं? चाकूने चांगली छाटणी करायला वर्षानुवर्षांचा हात लागतो. कात्रीने ते कसब काही प्रमाणात यंत्रात घातलं. दोन तरफा, मध्ये खिळा, मागे स्प्रिंग. एका बाजूला धारदार पातं, दुसऱ्या बाजूला फांदी धरून ठेवणारा आकडा. नवशिक्यालाही बरा काप घेता येऊ लागला.

तरी एक गोष्ट माणसाच्याच हातात राहिली. पातं कापतं, पण आकडा फांदी दाबतो आणि दाबलेल्या बाजूचे तंतू थोडे चिरडतात. म्हणून कात्री नेहमी अशी धरायची की पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे आणि आकडा गळून पडणाऱ्या तुकड्याकडे येईल. कात्री उलटी धरली की चिरडलेला भाग झाडावर राहतो. बागेत काम करणाऱ्यांचे हात एकदा लक्ष देऊन बघा. कात्री वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांनाही ही बाजू कोणी सांगितलेली नसते.

झाडाच्या आत काय होतं

इथपर्यंतचा इतिहास बाहेरून दिसणारा. आतला इतिहास उघडला तो अमेरिकेच्या वन खात्यातल्या ॲलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने. १९५९ मध्ये तो तिथे रुजू झाला. त्याच्या आधीचे बरेच अभ्यासक झाडाचा आडवा काप घेऊन कूज बघत. शिगोने हातात चेनसॉ घेतली आणि झाडं उभी चिरली. फांदी तुटल्यापासून कूज आत कशी, किती आणि कोणत्या दिशेने गेली, हे उभ्या कापात सलग दिसतं. अशी हजारो झाडं त्याने चिरली.

त्यातून १९७७ मध्ये त्याने मांडलं की माणसाच्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड जुन्या, बिघडलेल्या पेशी दुरुस्त करत नाही. ते त्यांच्याभोवती भिंती उभ्या करतं, तो भाग कप्प्यात बंद करतं आणि त्यावर नवं लाकूड चढवतं. खोडात वर-खाली जाणारी भिंत सर्वांत कमकुवत, म्हणून कूज उभी पसरते. जखमेनंतर तयार झालेल्या लाकडाची भिंत सर्वांत भक्कम.

यातून छाटणीची जागा ठरली. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं दिसतं, त्याला कॉलर म्हणतात. फांदीची कूज खोडात येऊ न देणारी यंत्रणा त्या कड्यात असते. फांदी खोडाला अगदी घासून कापली तर कडंच कापलं जातं. लांब खुंट ठेवला तर खुंट वाळतो, किडतो, आणि झाडाला वरून नवं लाकूड चढवता येत नाही. योग्य काप कड्याच्या लगेच बाहेर.

आता मागचं सगळं जोडून बघा. कुऱ्हाड आणि कोयता नेमके इथेच कमी पडतात. दोन खोडांच्या बेचक्यात, कड्याला धक्का न लावता घाव घालणं शक्यच नसतं. म्हणून माणूस सोयीच्या जागी घाव घालतो आणि मागे हातभर खुंट राहतो. हत्यार बेचक्यात शिरत नाही म्हणून काप चुकतो. अरुंद, वाकड्या पात्याच्या, ओढताना कापणाऱ्या करवतीचं महत्त्व इथे आहे. ती बेचक्यात शिरते.

संत्र्याच्या बाबतीत याची किंमत पैशांत मोजावी लागते. जंभेरीवर बांधलेलं कलम नीट फळायला पाच-सहा वर्षं घेतं. डिंक्यासारखा रोग जखमेच्या वाटेने खोडात शिरला की ती पाच-सहा वर्षं गेली. नवीन झाड लावून ती भरून निघत नाहीत.

जखमेवर लेप

कापलेल्या जागी काय लावायचं, हा प्रश्नही जुना आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त झाडांच्या उपचारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. रोगट भाग आधी शस्त्राने साफ करा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्या, असं तिथे सांगितलंय. क्रम लक्षात घ्या. आधी हत्यार, मग औषध.

१८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्दे याने मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण द्राक्षावरच्या बुरशीसाठी प्रसिद्ध केलं. तेच आपलं बोर्डो. विदर्भात सल काढल्यावर बोर्डो मलम लावतात, ते एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात. दुसरीकडे शिगो आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत जखमेवर लावलेल्या रंगांनी कूज थांबली नाही.

मग खरं कोणाचं? इथे घाईने बाजू घेऊ नका. शिगोची झाडं थंड प्रदेशातली जंगली झाडं होती आणि शत्रू होता लाकूड कुजवणारी बुरशी. आपली झाडं संत्र्याची, पाऊस मोसमी, काळी जमीन पाणी धरणारी, आणि शत्रू आहे फायटोफ्थोरा, जो साल आणि मुळं खातो. एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे नेताना झाड, हवामान आणि रोग हे तिन्ही बदललेत का, ते तपासावं लागतं. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ज्याला गॅप म्हणतात, ती अशा जागी सापडते.

मग दुकानात काय मागायचं

आता निवड सोपी आहे. आधी फांदीची जाडी बघा.

* पेन्सिलीपासून अंगठ्याएवढ्या, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतच्या हिरव्या फांदीला बायपास कात्री. यात पातं आकड्याच्या शेजारून सरकतं. पातं सपाट पट्टीवर आदळणारी कात्री वाळलेल्या सलीला चालते, हिरव्या फांदीला चिरडते.
* दोन ते चार सेंटिमीटरला लांब दांड्याची कात्री. ताकद दांड्याच्या लांबीतून येते.
* त्यापुढे ओढून कापणारी घडीची करवत. कात्रीत फांदी अडकवून पिरगाळू नका. कात्रीचा खिळा सैल होतो आणि फांदी फाटते.
* जड फांदी तीन कापांत उतरवा. खोडापासून हातभर लांब, खालून अर्धवट पहिला काप. त्याच्या थोडं बाहेर, वरून दुसरा. फांदी खाली येते पण साल सोलत नाही. उरलेला खुंट कड्याबाहेर तिसऱ्या कापाने काढा.
* उंच फांदीला काठीवरची करवत, पण विजेच्या तारांजवळ मुळीच नाही.
* कुऱ्हाड आणि कोयता काटे, कुंपण, सरपण यांसाठी ठेवा. ते त्यांचं काम उत्तम करतात.

कात्री घेताना ती हातात धरून बघा. उघडल्यावर दांडे बोटांच्या कवेत येतात का? बहुतेक मापं मोठ्या हातांसाठी असतात, आणि बागेत काम करणाऱ्यांत बायका भरपूर असतात. स्प्रिंग आणि पातं सुटं मिळतं का, हे विचारा. शक्य असेल तर हिरवी डहाळी कापून बघा. काप गुळगुळीत हवा, सालीचा एकही धागा लोंबता कामा नये. धार फक्त उताराच्या बाजूने लावायची, सपाट बाजूची नुसती कोर काढायची.

शेवटचं, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं पुसा. लिंबूवर्गीय झाडांत एक्झोकॉर्टिस नावाचा व्हायरॉईड असतो. व्हायरॉईड म्हणजे आवरणही नसलेला आरएनएचा छोटा तुकडा. डीनर याने १९७१ मध्ये हा प्रकार पहिल्यांदा ओळखला. तो पात्यावरच्या रसातून पसरतो. स्पिरिटपेक्षा पातळ केलेलं ब्लीच त्यावर जास्त परिणामकारक ठरतं. ब्लीचने लोखंड गंजतं, म्हणून नंतर पातं धुऊन तेलाचा हात द्या.

तुम्ही सुरुवात कुठून कराल

इतिहासाकडे जाणाऱ्यांनी १८७० चं लायलचं वऱ्हाड गॅझेटिअर आणि १९०८ चं यवतमाळ जिल्ह्याचं गॅझेटिअर एकत्र उघडावं. मधल्या काळात, १९०५ मध्ये, जुन्या वणी जिल्ह्याचा यवतमाळ जिल्हा झाला. त्यामुळे आकड्यांची तुलना करताना तालुके जुळवून घ्यावे लागतील. मग एक क्षेत्रकाम करा: खंडेनवमीला घरोघरी हत्यारं पूजेला मांडतात. एका गावातल्या वीस घरांची परवानगी घेऊन त्या दिवशी काय काय मांडलंय याची यादी करा. कोणतं लोहाराने घडवलं, कोणतं दुकानातून आलं, कोणतं आजोबांचं आहे, ते विचारा. कोणत्याही कागदपत्रात नसलेली नोंद तुमच्याकडे तयार होईल.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या बागायतदाराला विचारून सल काढण्याच्या वेळी सारख्या जाडीच्या फांद्या निवडाव्यात. काही कोयत्याने, काही कात्रीने, काही करवतीने कापाव्यात, आणि प्रत्येक गटातल्या अर्ध्यांना बोर्डो मलम लावावं. प्रत्येक कापाला नंबर द्या, तारीख लिहा, फोटोत मोजपट्टी ठेवा. पुढच्या वर्षी जखमेभोवती नवं लाकूड किती चढलं ते मोजा, आणि मालकाची हरकत नसेल तर काही फांद्या खालच्या जोडासकट काढून शिगोसारख्या उभ्या चिरा. वहीत पहिला रकाना हत्याराचा ठेवा आणि दुसरा जखमेच्या व्यासाचा.